खडकावरच्या जिवांचा ताप कसा मोजावा

हवेचं तापमान ३० अंश सेल्सिअस असताना उन्हाकडे तोंड केलेल्या काळ्या खडकावरच्या शिंपल्याचं अंग सहज ४० अंशांपर्यंत तापू शकतं. त्याच खडकाच्या सावलीच्या बाजूला, हातभर अंतरावर, त्याच जातीचा दुसरा शिंपला पंचवीस अंशांवर निवांत बसलेला असतो. त्यामुळे ‘हवामान तापतंय, हे जीव टिकतील का?’ याचं उत्तर हवामान केंद्राच्या आकड्यात सापडत नाही. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यातले शिंपले, गोगलगायी, बार्नेकल (खडकाला कायमचे चिकटलेले, वाटीसारख्या कवचाचे छोटे जीव), खेकडे, तारामासे यांच्यापैकी कुणीही शरीर ठरावीक तापमानावर राखत नाही. पाणी ओसरलं की त्यांचा ताप ऊन, खडक, वारा आणि ओलावा ठरवतात. पाणी परत आलं की तोच ताप काही मिनिटांत दहा-पंधरा अंशांनी उतरतो.

हा ताप आणि त्याला जिवांनी दिलेलं उत्तर कुणालाही बघता येतं. प्रयोगशाळा लागत नाही. एक बरं थर्मामीटर, वही, आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा जायची चिकाटी एवढं पुरे. मात्र कामाचा क्रम चुकला की वही भरते आणि हाती काहीच लागत नाही. माझी पहिली वही तशीच गेली: तापमानं पानभर, आणि खडक उघडा पडून किती वेळ झाला होता याची एकही नोंद नाही.

आधी घड्याळ, मग किनारा

सुरुवात भरतीच्या कोष्टकापासून करा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन ओहोट्यांत साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची हालचाल कमी.

आता एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एखाद्या ठिकाणी उधाणाची खोल ओहोटी दर वेळी घड्याळाच्या साधारण त्याच वेळेला येते. एका किनाऱ्यावर ती भर दुपारी असेल, तर काही शे किलोमीटरवर दुसऱ्या किनाऱ्यावर पहाटे. दुपारचा किनारा तळापर्यंत भाजून निघतो, पहाटेच्या किनाऱ्याला थंड हवेत श्वास घ्यायला मिळतो. काही भागांत, उदाहरणार्थ उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सर्वांत खोल ओहोट्या उन्हाळ्यात दिवसा आणि हिवाळ्यात रात्री येतात, म्हणजे उन्हाळ्यात ऊन आणि हिवाळ्यात गारठा, दोन्ही टोकं जिवांच्या वाट्याला.

सागरी जीवशास्त्रज्ञ ब्रायन हेल्मथ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेमकं हेच दाखवलं. दक्षिणेकडे जावं तसे शिंपले जास्त तापतील, असा साधा हिशेब होता. प्रत्यक्षात उत्तरेतल्या काही जागा दक्षिणेतल्या जागांपेक्षा अधिक तापत होत्या, कारण तिथे उन्हाळ्यातली ओहोटी दुपारच्या आसपास पडत होती. नकाशावर उष्णतेचा चढता जिना निघायच्या ऐवजी गोधडी निघाली.

जून २०२१ च्या अखेरीस याचा भीषण पडताळा आला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेची लाट आली आणि आतल्या भागातल्या लिटन गावात २९ जूनला ४९.६ अंशांची नोंद झाली. प्रांताच्या दक्षिण टोकाकडच्या सेलिश समुद्राच्या किनाऱ्यावर त्याच दिवसांत खोल ओहोट्या भर दुपारच्या सुमारास होत्या. शिंपल्यांच्या ताटव्यांवर ५० अंशांच्या वर तापमान मोजलं गेलं. जीवशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हार्ले यांच्या अंदाजानुसार एक अब्जाहून अधिक किनारी जीव मेले. बाहेरच्या, मोकळ्या महासागराच्या किनाऱ्यावर मात्र ओहोटी सकाळी लवकर येऊन गेली होती आणि तिथलं नुकसान कमी होतं. तीच लाट, वेगळं घड्याळ.

म्हणून वर्षाचं कोष्टक घ्या आणि ज्या दिवशी खोल ओहोटी सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान येते ते दिवस गोल करून ठेवा. खालच्या पट्ट्यासाठी धोक्याचे दिवस हेच. वरच्या पट्ट्याचं गणित उलटं आहे. भांगाच्या दिवसांत भरती तिथवर पोचतच नाही, आणि तिथले जीव सलग अनेक दिवस कोरडे राहतात. उधाणाच्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन परत आलात तर वरच्या गोगलगायींच्या हालांचा तुम्हाला पत्ताच लागणार नाही. दोन्ही वेळा जायला हवं.

जागा: एक खडक, चार बाजू

अख्खा किनारा मोजायला निघू नका. एक मोठा, न हलणारा खडक घ्या, ज्याला उन्हाची, सावलीची, सपाट आणि उभी अशा बाजू आहेत. २००४ च्या वसंतात कॅलिफोर्नियातल्या बोडेगा हेड इथे शिंपले आणि लिंपेट मोठ्या संख्येने मेले, तेव्हा मरणाचा नकाशा खडकाच्या कलावर बेतलेला निघाला: सपाट आणि सूर्याकडे झुकलेल्या पृष्ठांवर मेलेले, पाठ फिरवलेल्या पृष्ठांवर जिवंत. लिंपेट म्हणजे टोपीसारख्या शंखाची, खडकाला घट्ट चिकटणारी गोगलगाय. हे मरण भर उन्हाळ्यात आलं नव्हतं, हेही ध्यानात ठेवा. ऋतूच्या सुरुवातीला अंग अजून उन्हाला सरावलेलं नसतं, आणि तेव्हाचा एखादा कडक दिवस महागात पडतो.

प्रत्येक बाजूवर वर, मध्ये आणि खाली अशा तीन चौकटी ठरवा. चौकट २५ सेंटीमीटर बाजूची पुरे, प्लास्टिकच्या नळीची बनवता येते. तिची जागा पुन्हा सापडेल अशी खूण हवी. खडकात काही ठोकायचं असेल तर आधी स्थानिक परवानगी घ्या. नसेल घेता आली, तर भेगा आणि ठळक खुणा दाखवणारे फोटो तीन कोनांतून काढा, फोटोत मोजपट्टी ठेवा आणि होकायंत्राने दिशा लिहा. लाटांचे तुषार कुठवर येतात तेही लिहा. सतत ओला राहणारा खडक वेगळ्याच जगात असतो.

हवेचा नव्हे, अंगाचा ताप

इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे नेम धरून कळ दाबायची बंदूक, सोपा आणि बहुतेक कामाला पुरेसा. पण त्याच्या खोडी माहीत हव्यात. साध्या यंत्राचं अंतराचं प्रमाण १२ ला १ असतं: १२ सेंटीमीटरवरून ते एक सेंटीमीटर रुंदीचा ठिपका मोजतं, मीटरभरावरून आठ सेंटीमीटरहून मोठा. उभ्याने बार्नेकल मोजायला गेलात तर तुम्ही खडक मोजता आहात. खाली वाका, जवळ जा, आणि स्वतःची सावली पडू देऊ नका. लाल ठिपका म्हणजे मोजली जाणारी जागा नव्हे, जवळून मोजताना तो थोडा बाजूला पडतो. उत्सर्जकतेची, म्हणजे पृष्ठभाग उष्णता किती सहज बाहेर टाकतो ते ठरवायची, सोय यंत्रात असेल तर ती ०.९५ ठेवा, ओला-सुका खडक आणि शंख दोन्हींना ते बऱ्यापैकी चालतं. चकचकीत धातूवर रोखून आलेला आकडा मात्र फेकून द्या.

बंदूक फक्त पृष्ठभाग सांगते. शिंपल्याच्या आतलं मांस कवचाच्या मागून तापतं आणि मागूनच निवतं. मोठा शिंपला हळू तापतो, छोटा झटकन. आतलं मोजायला बारीक तारेचा प्रोब लागतो, पण जिवंत शिंपला उचकटून तो आत खुपसायची काही गरज नाही. त्यासाठी खोटा शिंपला बनवता येतो.

ही युक्ती जुनी आणि खात्रीची आहे. रिकाम्या कवचात, किंवा त्याच आकाराच्या साच्यात, तापमान नोंदवणारी गुंडी ठेवायची आणि पोकळी इपॉक्सी किंवा सिलिकॉनने भरायची. रंग, आकार आणि वजन खऱ्याच्या जवळ असलं की खोटा शिंपला उन्हात खऱ्यासारखाच तापतो. अशा ‘रोबो’ शिंपल्यांनी जगभरच्या ७१ जागी मिळून १८ वर्षांच्या नोंदी जमवल्या आहेत. घरी बनवायला ‘आयबटन’ नावाची सतरा-एक मिलिमीटर व्यासाची गुंडी चालते. तिच्या एका जुन्या प्रचलित प्रकारात २०४८ नोंदी मावतात: दर १५ मिनिटांनी एक धरली तर २१ दिवस, म्हणजे उधाण-भांगाचा एक पूर्ण फेरा आणि वर आठवडा. ती स्वतः पाणबंद नसते, भरण करताना एक बुडबुडा राहिला की खारं पाणी आत शिरून काम संपतं. बसवण्याआधी बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात बुडवून शून्य दाखवते का ते तपासा. खोटा शिंपला खऱ्या ताटव्यात, शेजाऱ्यांना खेटून बसवा. एकटा शिंपला दाटीतल्यापेक्षा वेगळा तापतो.

हवेचं तापमान, वारा आणि ढग यांचीही नोंद करा. वाऱ्याला ‘नाही, मंद, जोराचा’ एवढे तीन शब्द पुरतात. आणि दर वेळी: खडक किती वाजता उघडा पडला?

जीव काय करतात ते वाचणं

माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत रसाळ भाग. चिकटलेल्या जिवाला पळता येत नाही असं आपल्याला वाटतं, पण त्याच्याकडे युक्त्या आहेत, आणि प्रत्येक युक्तीची किंमत आहे. एका जागी अर्धा तास बसा. फिरत राहिलात तर काही दिसणार नाही.

वरच्या पट्ट्यातल्या इवल्या गोगलगायी बघा. पाय आत, दार बंद, आणि वाळलेल्या चिकाच्या एका थेंबाने शंखाची कड खडकाला टेकलेली. पाय खडकाला लागलेला असता तर तापलेल्या दगडाची उष्णता थेट अंगात शिरली असती. काही शंख उभे राहून सूर्याला कमी अंग दाखवतात, काही एकमेकांच्या पाठीवर चढून मनोरे करतात, कारण वरच्या मजल्यावर दगडाची धग कमी लागते. आशियाच्या उष्ण किनाऱ्यांवरच्या एकिनोलिटोरिना वंशातल्या गोगलगायी याहून पुढे जातात. तापमान वाढत असताना त्या शरीराचा खर्चच कमी करतात. एरवी ताप वाढला की चयापचय वाढतो, इथे उलटं होतं. त्यांचं हृदय ५० अंशांच्या पुढेही चालू राहतं.

लिंपेटला दार नसतं. ताप हाताबाहेर गेला की ती शंख खडकापासून उचलते, छत्रीसारखा, आणि खालून वारा खेळू देते. ओलावा उडून अंग जरा निवतं, पण पाणी जातं आणि पकडही सुटायला आलेली असते. उचललेले शंख दिसले तर लगेच संख्या आणि तापमान लिहा, कारण हा शेवटच्या टप्प्याचा इशारा आहे. खात्री करायला बोट लावू नका. त्या अवस्थेत तिला हलवणं म्हणजे मारणं.

शिंपल्यांत दोन स्वभाव दिसतात. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मूळचा तपकिरी शिंपला ओहोटीत कवच उघडझाप करतो, तर बाहेरून आलेला भूमध्य सागरी शिंपला घट्ट मिटून राहतो. उघडणाऱ्याला हवेतला प्राणवायू मिळतो, दाटीत थोडा दमटपणाही राहतो, पण पाणी गमवावं लागतं. मिटणारा पाणी राखतो आणि बिनप्राणवायूचं जगतो. शेजारी-शेजारी दोन जाती असतील तर दर दहा मिनिटांनी किती कवचं उघडी आहेत ते मोजा.

समुद्रफुलं मिटतात, काही आपल्या अंगावर शंखांचे तुकडे चिकटवून ऊन परतवतात. खेकडे दगडाखाली आणि भेगांत जातात. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचा पिसास्टर हा तारामासा तर एका तापलेल्या ओहोटीनंतर पुढच्या भरतीत अंगात थंड पाणी अधिक भरून घेतो, म्हणजे पुढची ओहोटी सोसायला वजन आणि गारवा दोन्ही मिळतात. समुद्राचं पाणीच कोमट झालं की ही युक्ती लुळी पडते.

दिसत नाही ते

बाहेरून शांत दिसणाऱ्या जिवाच्या आत दुरुस्ती चालू असते. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या मोडतात, आणि त्या सावरायला पेशी ‘हीट शॉक प्रथिनं’ बनवतात. हे काम खर्चाचं आहे, त्याचा पैसा वाढीतून आणि अंड्यांतून जातो. कॅलिफोर्नियातल्या टेगुला वंशाच्या दोन गोगलगायींत फरक स्वच्छ दिसला: वर राहणारी जात अशा धक्क्यातून काही तासांत सावरते, खाली राहणाऱ्या जातीला दोनेक दिवस लागतात. वरच्या पट्ट्यात ओहोटी रोज उघडं पाडते, तिथे दोन दिवसांची दुरुस्ती परवडत नाही.

यावरून वर राहणारे काटक आणि म्हणून सुरक्षित, असं वाटेल. जीवशास्त्रज्ञ जोनाथन स्टिलमन यांनी २००३ मध्ये पोर्सिलेन नावाच्या छोट्या खेकड्यांवर जे दाखवलं ते याच्या विरुद्ध आहे. वरच्या पट्ट्यातल्या जाती सहन जास्त करतात, पण आजच आपल्या मर्यादेच्या काठावर जगतात आणि ती मर्यादा आणखी वर सरकवण्याची त्यांची क्षमता सर्वांत कमी असते. वहीतल्या नोंदी वाचताना हे विसरू नका: जो जीव आज सर्वांत जास्त ताप काढतो, त्याच्याकडे उद्यासाठी शिल्लक सर्वांत कमी असू शकते.

मेलेले मोजणं

कडक दिवसानंतर लगेच मोजायला गेलात तर आकडा चुकेल. उष्णतेने बेशुद्ध पडलेली गोगलगाय पाणी आल्यावर उठू शकते. पहिली मोजणी पुढच्या एक-दोन भरत्या होऊन गेल्यावर, दुसरी चौथ्या-पाचव्या दिवशी आणि तिसरी दोन आठवड्यांनी करा.

शिंपला उघडा आहे आणि कडेला हलकं टोचल्यावर मिटत नाही, तर तो मेलेला धरा. मांस अजून आत असेल तर मरण ताजं, कवच स्वच्छ असेल तर जुनं. बार्नेकलच्या तोंडावरची झाकणं गळून आतली वाटी रिकामी दिसते, पण रिकाम्या वाट्या तिथे आधीपासूनही असतात, म्हणून आधीचा फोटो नसेल तर तो आकडा बिनकामाचा. लिंपेट गळून वाहून जाते, मागे खडकावर तिच्या बैठकीची खूण उरते. वास आला तर तोही लिहा, विनोद नाही. हार्ले यांनाही २०२१ च्या त्या दिवसांत किनारा आधी नाकाने सांगितला होता.

आणि दर मरणाला उष्णता जबाबदार धरू नका. वादळाच्या लाटा, मुसळधार पावसाचं गोडं पाणी, रोग, तेलगळती यांनीही ताटवे उजाड होतात. उष्णतेची सही ओळखू येते: उन्हाची बाजू गेली, सावलीची राहिली, भेगेतले वाचले, सागरी शेवाळाच्या छत्रीखालचे वाचले. चारही बाजू सारख्या मेल्या असतील तर कारण दुसरीकडे शोधा.

वरची कड

आठवड्यांच्या नोंदींतून एका उन्हाची गोष्ट कळते. हवामानाची कळायला वर्षं लागतात, आणि त्यासाठी सर्वांत स्वस्त मोजमाप म्हणजे शिंपल्यांच्या किंवा बार्नेकलच्या पट्ट्याची वरची कड. ठरलेल्या खुणेपासून ती किती खाली आहे, ते वर्षातून एकदा, एकाच महिन्यात, प्रत्येक बाजूवर दहा ठिकाणी मोजा. पट्ट्याची वरची सीमा बहुधा ऊन आणि कोरडेपणा ठरवतात, खालची सीमा शिकारी आणि शेजारी. ऊन वाढलं की वरची कड खाली येते. शिंपले खाणारे खालचे तारामासे आपली हद्द सोडत नाहीत. पट्टा मधल्या मध्ये चेपला जातो, आणि काही जागी नाहीसा होतो.

एक सावधगिरी. चंद्राच्या कक्षेच्या कलामुळे भरती-ओहोटीची झेप १८.६ वर्षांच्या फेऱ्यात कमी-जास्त होते. पाच वर्षांत कड खाली सरकली म्हणून तापमानवाढ सिद्ध झाली असं मानू नका. उन्हाची आणि सावलीची बाजू वेगवेगळी वागते का ते पाहा. भरतीची झेप दोन्ही बाजूंना सारखी लागू होते, ऊन होत नाही.

लांब पल्ल्याचं चित्र काय दिसतं ते काही किनाऱ्यांवर नोंदलं गेलं आहे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर निळ्या शिंपल्याची दक्षिण सीमा सुमारे ५० वर्षांत ३५० किलोमीटर उत्तरेला आक्रसली. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागराच्या काठी विलिस ह्युवॅट या विद्यार्थ्याने १९३१ ते १९३३ दरम्यान खडकांवरच्या चौकटींतले जीव मोजून ठेवले होते. साठ वर्षांनी, १९९३-९४ मध्ये, त्याच चौकटी पुन्हा मोजल्या गेल्या. दक्षिणेच्या उबदार किनाऱ्यांवर राहणाऱ्या नऊ जातींपैकी आठ वाढल्या होत्या, उत्तरेच्या थंड किनाऱ्यांवरच्या आठांपैकी पाच घटल्या होत्या. हे जमलं, कारण ह्युवॅटने खडकात ठोकलेले पितळी बोल्ट अजून तिथेच होते.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर जागा लिहा: अक्षांश-रेखांश, खडकाची दिशा, खुणेपासून चौकटीपर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये, कोणत्या भरतीच्या कोष्टकाचा आधार घेतला ते, आणि थर्मामीटरचा प्रकार. शाई पाण्यात न पसरणारी किंवा सरळ पेन्सिल घ्या. दर फेरीच्या शेवटी फोटो दुसऱ्या ठिकाणी साठवा, आणि उलटवलेला प्रत्येक दगड होता त्याच बाजूने परत ठेवा. त्याखालच्या खेकड्याला दुपारपर्यंत तीच सावली लागणार आहे.